हॉगार्थचा पग

इंग्रज चित्रकार विल्यम हॉगार्थनं १७४५ साली पुरं केलेलं एक आत्मचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात हॉगार्थ आहे, पण समोर बसलेला नाही. एका लंबगोल कॅनव्हासवर रंगवलेला हॉगार्थ आपल्याला दिसतो, आणि तो कॅनव्हास शेक्सपिअर, स्विफ्ट, मिल्टन यांच्या ग्रंथांवर टेकवून ठेवलेला आहे. डोक्यावर घरात घालायची टोपी, अंगात सैल झगा, कपाळावरचा व्रण लपवायची खटपट नाही. खाली डाव्या हाताला रंगपाटी, तिच्यावर एक नागमोडी रेघ. ही त्याची लाडकी ‘सौंदर्याची रेषा’. पुढे १७५३ साली तिच्यावर त्यानं अख्खं पुस्तक लिहिलं. आणि उजव्या कोपऱ्यात, कॅनव्हासच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, एक पग बसला आहे.

चित्राची सगळी खुमारी या ‘अलीकडे’त आहे. माणूस हे चित्रातलं चित्र. कुत्रा मात्र जागचा जागी, हाडामांसाचा. महाकवी पायथ्याशी, धनी भिंतीला टांगायच्या वस्तूसारखा, आणि या सगळ्यात जिवंत प्राणी काय तो एकटा ट्रम्प. होय, कुत्र्याचं नाव ट्रम्प होतं. पत्त्यांतला हुकूम या अर्थानं ते ठेवलं असावं. आजच्या वाचकाला दुसरंच कुणी आठवेल, त्याला इलाज नाही. या ट्रम्पचं नाक आजच्या पगाइतकं तोंडात घुसलेलं नाही. मुस्कट पुढे आलेलं आहे आणि तो सुखानं श्वास घेत असावा. तोंड आणखी आणखी चपटं करत नेऊन या जातीला धाप लावायचं काम पुढच्या पिढ्यांनी केलं.

हे चित्र ‘चित्रकार आणि त्याचा पग’ या नावानं ओळखलं जातं. कुत्रं बघून झालं की बघण्यासारखी गोष्ट म्हणजे हा ‘पग’ शब्द. त्याच्या पोटात इतकी बिऱ्हाडं आहेत की हॉगार्थच्या हाती तो लागला हे त्या शब्दाचं भाग्यच म्हणायचं.

१७३० च्या डिसेंबरात लंडनच्या एका वर्तमानपत्रात हॉगार्थचा कुत्रा हरवल्याची जाहिरात आली होती. (हा ट्रम्पच्या आधीचा.) फिकट रंगाचा, काळ्या तोंडाचा, शोधून आणणाऱ्याला अर्धी गिनी. गंमत अशी, की जाहिरातीत जात सांगितली आहे ‘डच कुत्रा’, आणि ‘पग’ हे आहे त्याचं हाक मारायचं नाव. जातीला हे नाव अजून पक्कं चिकटलेलं नव्हतं. ते आधी घरातलं होतं, लाडाचं. सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा कोश उघडला तर ‘पग’ या नोंदीत कुत्रं नाहीच. माकडाला लाडानं म्हणायचं नाव, किंवा जिच्यावर जीव आहे अशी कुठलीही गोष्ट, एवढंच तिथे आहे. आपल्याकडे आई पोराला ‘अरे माकडा’ म्हणते तेव्हा त्यात शिवी किती आणि पापा किती हे तिला विचारून उपयोग नाही. ‘पग’चं नेमकं तसंच. त्याआधीच्या काळात खोडकर भुतालाही पग म्हणत, आणि ठेवलेल्या बाईलाही. माया, खोडी आणि बदनामी एकाच दोन अक्षरी हाकेत.

आता हॉगार्थची १७३२ ची ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ ही चित्रमालिका आठवा. दुसऱ्या चित्रात एका धनिकानं ठेवलेली मॉल पायानं टेबल उलथवते, चहाची भांडी खळ्ळकन फुटतात, आणि कोपऱ्यातून एक पाळीव माकड घाबरून पळतं. माकड पग आणि मॉलही पग. हॉगार्थनं हा श्लेष जाणून साधला असा कागदोपत्री पुरावा मी देणार नाही. पण दुकानांच्या पाट्यांतून, कागदांच्या चिटोऱ्यांतून आणि कुत्र्यामांजरांतून बोलणारा हा माणूस. रस्त्यावरचा शब्द त्याच्या कानावरून गेला नसेल हे मला पटत नाही. ‘अ रेक्स प्रोग्रेस’मध्ये पैशासाठी एका एकाक्ष म्हातारीशी लग्न लावणाऱ्या तरुणाच्या बाजूलाच एक पग एकाक्ष कुत्रीपुढे लाडात आलेला आहे. भाष्य करायला हॉगार्थ स्वतः पुढे येत नाही, कुत्र्याला पाठवतो.

आत्मचित्राची क्ष-किरणांनी तपासणी झाली तेव्हा खाली दुसराच हॉगार्थ निघाला: केसांचा टोप, रुबाबदार कोट, प्रतिष्ठित गृहस्थ. टोप त्यानं स्वतः रंगवून बुजवला. आणि जवळपास त्याच सुमाराला त्यानं काढलेल्या, कॅप्टन लॉर्ड जॉर्ज ग्रॅहॅमच्या चित्रात, जहाजातल्या खोलीत, एक पग आहे, आणि त्याच्या डोक्यावर टोप आहे. धन्यानं उतरवला तो कुत्र्यानं चढवला! ही दोन चित्रं शेजारी टांगायला हवी होती. एक टेटमध्ये, दुसरं ग्रीनिचच्या संग्रहालयात, दोन्ही लंडनमध्येच. मध्ये फक्त थेम्स.

हॉगार्थ ठेंगणा होता, गोल चेहऱ्याचा, आणि भांडकुदळ. चोरट्या छापांनी पोटावर पाय आणला तेव्हा खोदचित्रांच्या हक्काचा कायदा पार्लमेंटकडून १७३५ साली पदरात पाडून घेण्यात तो आघाडीवर होता. माणूस आणि कुत्रा सारखे दिसतात ही थट्टा तेव्हाही होत होती, आणि त्याला ती फारशी झोंबत नसावी. पण १७५३–५४ मध्ये चित्रकार पॉल सँडबीनं व्यंगचित्रांतून त्यालाच ‘पग’ करून टाकलं तेव्हा त्या नावातली माया गेली आणि नुसता टोला उरला. तीच दोन अक्षरं. बोलणारं तोंड बदललं.

उत्तर द्यायला हॉगार्थनं दहा वर्षं घेतली, आणि दिलं ते भलत्यालाच. १७६३ साली चार्ल्स चर्चिल या पाद्री कवीनं त्याच्यावर जहाल पद्य लिहिलं. हॉगार्थनं आत्मचित्रावरून केलेली जुनी तांब्याची पाटी काढली, लंबगोलातला स्वतःचा चेहरा घासून काढला आणि तिथे पाद्र्याचा गळपट्टा बांधलेलं, बियरचा मग धरलेलं अस्वल कोरलं. चित्राचं नाव ‘द ब्रूझर’, म्हणजे ठोसेबाज. कुत्रा मात्र ठेवला. तो आता चर्चिलच्या पद्यावर मुततो आहे. सुसंस्कृत रसिकानं इथे नाक मुरडावं अशी अपेक्षा असते. मला ही त्या पाटीवरची सर्वांत नेमकी रेघ वाटते.

ठोसेबाजाला बोली इंग्रजीत ‘पग’ म्हणायला लागले ते पुढच्या शतकात, मुष्टियोद्धा या अर्थाच्या, लॅटिनमधून आलेल्या इंग्रजी शब्दाला कात्री लावून. म्हणजे ‘द ब्रूझर’मधला हा श्लेष हॉगार्थनं केला नाही, भाषेनं त्याच्या माघारी केला. पगाचं तोंड मुठीसारखं म्हणून हे नाव पडलं, अशी व्युत्पत्तीही ठोकून दिली जाते. ती ऐकायला गोड आहे, एवढंच. विटा आणि कुंभारकामाची माती मळणाऱ्या यंत्राला पगमिल म्हणतात. तो पग आणखी निराळा. एक लहानसा पतंगही पग आहे, त्याला इथे उडून जाऊ द्यावं.

एक पग मात्र आपल्याकडून गेला. हिंदीतलं पाऊल अर्थाचं ‘पग’ साहेबाच्या शिकारीत शिरलं, त्याला इंग्रजी शेपूट लागून ‘पगमार्क’ झालं, आणि आता ताडोब्यात जिप्सीतला वाटाड्या धुळीतला वाघाचा ठसा दाखवताना तोच शब्द उच्चारतो. या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत ओडिशाच्या सरोज राज चौधरींनी रुजवली. राजस्थानातल्या सरिस्कातले वाघ संपल्याचं २००५ साली उघड झाल्यावर तिच्यावरचा विश्वास उडाला आणि कॅमेरे आले. इंग्रजी कोशात हा पग कुत्र्याच्या शेजारी, पण वेगळ्या नोंदीत बसतो. दोघांची ओळखदेख नाही.

आणि खुद्द कुत्रा आपल्याकडे आला तेव्हा त्यानं यातला एकही अर्थ बरोबर आणला नाही. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारा पग घरोघरी पोचला. त्या कुत्रीचं नाव चीका होतं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि जातीचं नाव बहुतेकांना माहीतच नव्हतं. लोक सरळ ‘हचवालं कुत्रं’ म्हणू लागले. २००७ मध्ये कंपनी व्होडाफोन झाली, पुढे तेही नाव बदललं. फाटकाआडून असलं एखादं धापा टाकत भुंकलं की आजही कुणीतरी म्हणतंच, अरे, हा तर हचचा कुत्रा.