सावलीसकट

साखरपुड्यापासून लग्नापर्यंतच्या काळातला आईबाबांचा दोघांचा म्हणावा असा एकही फोटो आमच्याकडे नाही. आहेत ते १९६९ सालचे चौकोनी, काळेपांढरे, मागे शाईनं तारीख घातलेले. एकात आई आहे, दुसऱ्यात बाबा. तरी अख्ख्या अल्बममध्ये जोडप्याचे फोटो मला हेच वाटतात.

मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कमधला आईचा फोटो बघा. मागे म्हातारीचा बूट. अंगावर वॉयलची साडी, वेणी पुढे घेतलेली, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. उन्हामुळे डोळे बारीक झालेत. आणि खालच्या कडेकडून तिच्या चपलांच्या दिशेनं एक लांब सावली गेली आहे: डोकं, खांदे, दोन्ही बाजूंना वर उचललेली कोपरं. ते बाबा.

कॅमेरा मित्राकडून मागून आणलेला, बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री. १२० चा रोल, त्यात १२ फोटो. फोकस जुळवायची भानगड नाही. सूर्य पाठीशी ठेवायचा आणि बटण दाबायचं. सूर्य पाठीशी ठेवला की समोरच्याच्या डोळ्यांवर ऊन येतं आणि संध्याकाळी काढणाऱ्याची सावली पुढे पडते. जाणकार याला दोष म्हणतील. पण हा कॉन्टॅक्ट प्रिंट, निगेटिव्हच्याच आकाराचा, सव्वादोन इंची. एवढ्याशा चौकोनात कापाकापी कोण करणार? म्हणून सावली राहिली, आणि फार बरं झालं.

खरी गंमत आईच्या नजरेत आहे. ती भिंगाकडे बघत नाही, किंचित वर बघते आहे, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे. पाहण्याच्या कार्यक्रमात तिनं मान वर केली नव्हती. साखरपुड्यानंतरही घरात वडीलधाऱ्यांसमोर बाबांकडे सरळ बघायची सोय नव्हती. बागेत मात्र फोटो काढायचा म्हणजे समोर बघावंच लागतं, तेही हलायचं नाही. त्या दोघांना एकमेकांकडे मनसोक्त बघायची मुभा या कॅमेऱ्यानं दिली, असं मला हे फोटो बघताना दर वेळी वाटतं.

मग कॅमेरा आईच्या हातात गेला. तिनं काढलेला फोटो तिरका आहे. खालचा मरीन ड्राइव्ह एका बाजूला कलंडलाय, निम्म्या फोटोत नुसतं आकाश, बाबा पार डावीकडे. त्यांच्याशेजारी शेंगदाण्याच्या पुडीत बोटं घातलेला माझा धाकटा मामा. सोबत म्हणून पाठवलेला, पण लक्ष सगळं शेंगदाण्यांत. बाबा दात दाखवून हसताहेत. पुढच्या कुठल्याही फोटोत त्यांचे दात दिसत नाहीत. गालावरचे देवीचे व्रणही इथे स्वच्छ दिसतात. लग्नानंतर स्टुडिओत काढलेल्या फोटोत ते नाहीत. तिथे निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गाल गुळगुळीत केला आहे. त्या फोटोत दोघं शेजारी आहेत, प्रकाश उत्तम आहे, आणि नजरा दोघांच्याही स्टुडिओवाल्याच्या बोटाकडे.

लग्नानंतरच्या वर्षातले फोटो मोजकेच. गिरगावातल्या चाळीची गॅलरी, गौरी-गणपती, कुणाचं तरी बारसं. त्यातला एक मला फार आवडतो. खोलीच्या दाराशी आई स्टोव्हला पंप मारते आहे. केस विस्कटलेले, पदर कमरेला खोचलेला. नजर स्टोव्हवरून हललेली नाही, डावा हात तेवढा ‘नको’ म्हणून वर आलेला. शटर संथ, त्यामुळे हाताचा नुसता पांढुरका फराटा उमटलाय. बागेतली ती पर्स घट्ट धरणारी मुलगी इथे कुठेच नाही. बाबांकडे बघायला आता तिला फोटोचं निमित्त लागत नाही, आणि फोटोसाठी हातातलं काम सोडायचीही गरज वाटत नाही. त्या वेळी काय म्हणालीस, असं मी तिला विचारलं, तर तिला नीट आठवत होतं: ‘‘अहो, रोल संपेल, पुढच्या महिन्यात ताईंचं डोहाळजेवण आहे.’’