शिरस्त्राणांचे संग्रह आणि हरवलेला तुरा

नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडन येथील लिलावातून ४७.१५ लक्ष रुपयांस मिळविली. तिच्या पात्यावर देवनागरी लिपीत रघूजींचे नाव, 'सेनासाहेबसुभा' हे पद आणि 'फिरंग' ही संज्ञा आहे. ती कोणाची व तिला काय म्हणत, हे तीच सांगते. शिरस्त्राणाचे भाग्य असे नाही. त्याचा धनी दुरून ओळखू यावयाचा तो तुऱ्यावरून. आणि संग्रहात येईपर्यंत बहुधा नेमका तुराच नाहीसा झालेला असतो. शिरस्त्राणांच्या संग्रहांचे परीक्षण या अंगाने व्हावयास हवे.

आपल्याकडील उत्तरकालीन शिरस्त्राणाची घडण परिचित आहे: लोखंडी वाटी, माथ्यावर टोक, वरखाली सरकणारी नाकपट्टी, मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी, आणि दर्शनी बाजूस बहुधा दोन नळ्या. या नळ्यांत पिसांचे तुरे खोवीत. पिसे कसरीने खाल्ली, लोखंड टिकले. नोंद करणारा माप लिहितो, कोफ्तगिरीचे वर्णन करतो; रिकाम्या नळीपुढे मात्र त्याची लेखणी थांबते. हौशी संग्राहक तर तीत नवी पिसे खोवून मोकळा होतो. आमच्या मते रिकामी नळी हाच अधिक प्रामाणिक पुरावा होय.

जपानी शिरस्त्राणाच्या, म्हणजे 'काबुतो'च्या, बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तेथे चिन्हाचे महत्त्वच मोठे. कपाळावरील चिन्हास 'माएदाते', म्हणजे 'पुढे उभे केलेले', असे म्हणतात. दाते मासामुने या सरदाराची प्रचंड सोनेरी चंद्रकोर प्रसिद्धच आहे. ही चिन्हे पुष्कळदा लाकडाची, चामड्याची वा पातळ पत्र्याची, लाखरोगण चढविलेली, आणि मुद्दाम काढता-घालता येतील अशी असत. १८७६ च्या आज्ञेने सामुराईंचा तलवार बाळगण्याचा अधिकार गेला. चिलखते बाजारात आली, परदेशी गेली. या प्रवासात वाटी एका घरची आणि चिन्ह दुसऱ्या घरचे, असे सांधे जुळले. ग्राहक पैसे मोजतो ते चिन्हाच्या मोहाने. जुनी असते ती वाटी.

चिन्ह जागेवर असले तरी ते वाचता येतेच असे नाही. नाओए कानेत्सुगु याच्या शिरस्त्राणावर 'आई' असा उच्चार होणारे एक चिनी अक्षर उभे आहे. त्याचा आजचा अर्थ 'प्रेम'. म्हणून हा प्रेमाचा पुजारी वीर, अशी लोकप्रिय समजूत झाली. अभ्यासक मात्र हे अक्षर आइझेन म्योओ किंवा आतागो गोंगेन या देवतांपैकी एकीच्या नावाचे आद्याक्षर समजतात. (पैकी आइझेन म्योओ म्हणजे संस्कृतातील रागराज.) शब्दाचा आजचा अर्थ जुन्या वस्तूवर लादला की असे होते.

हा दोष आपल्या घरीही आहे. 'जिरेटोप' या शब्दातील 'जिरे' म्हणजे फारसी 'जिरिह', कड्यांचे चिलखत. शाळेतील ऐतिहासिक नाटकात मात्र मुलाच्या डोक्यावर कापडाची, मोत्यांचा तुरा लावलेली टोपी चढते आणि तिलाच आपण जिरेटोप म्हणतो. लोकव्यवहारात शब्द असा सरकला, याबद्दल तक्रार नाही. भाषेचा तो धर्मच आहे. संग्रहालयाच्या पाटीवर मात्र तो कोणत्या अर्थाने आला हे कळलेच पाहिजे.

उलट, जे संग्रहांनी गमावले ते भाषेने राखले आहे. तुरा, कलगी, शिरपेच हे तिन्ही शब्द फारसीच्या वाटेने आले. 'सरपेच'मधील 'सर'चे तर आपण 'शिर' करून टाकले. कोंबड्याच्या डोक्यावर तुरा आहे, उसाला तुरा येतो. शाहिरांनी शिवाचा पक्ष 'तुरा' आणि शक्तीचा पक्ष 'कलगी' असे वाटून घेऊन सवाल-जबाब रंगविले. जपानीतही शरण जाणे म्हणजे 'काबुतो उतरविणे', आणि शिंगवाल्या भुंग्याचे नाव 'काबुतो-कीटक'.

तेव्हा पाटीवर 'शिरस्त्राण, लोखंडी' एवढेच न लिहिता 'जिरेटोप, लोखंडी, कड्यांच्या जाळीसह. तुऱ्याच्या नळ्या दोन, तुरे गहाळ' असे लिहावे. जागा एका ओळीची लागेल.