काहील उतरण्याआधी

गुळव्याने पळीभर पाक थंड पाण्याच्या भांड्यात सोडला. दोन बोटांत त्याची गोळी वळली आणि बाजूच्या पत्र्यावर मारली. टण्ण आवाज आला. त्याने नुसती मान हलवली आणि शेडमधली सगळी माणसं एकदम उठली.

हा आवाज ऐकायला मी दर पौषात जातो. कराड ओलांडून कृष्णेच्या काठाकाठाने दक्षिणेला निघालं की साताऱ्याची हद्द कुठे संपली आणि सांगलीचा वाळवा तालुका कुठे लागला हे कळत नाही. दोन्हीकडे डोक्यावर गेलेला तोच ऊस असतो. साखर कारखान्यांच्या या मुलखात गुऱ्हाळं फार उरलेली नाहीत. जिथे आहेत तिथे धुराडं दिसायच्या आधी वास येतो. जळत्या चिपाडांचा थोडा कडवट धूर आणि त्याच्या पाठोपाठ उकळत्या रसाचा गोडवा. गाडीची काच खाली करून त्या वासाच्या मागे जावं.

बीअरच्या किंवा वाइनच्या भट्टीवर हल्ली पाहुण्यांना आधी टाक्या दाखवतात, मग छोटे पेले पुढे ठेवून चव समजावून सांगतात. गुऱ्हाळावर चाखणं पहिल्यांदा येतं. "पावणं, आधी रस घ्या, मग काय बघायचं ते बघा," म्हणत हे गुळवे मामा पेला हातात देतात. त्यात आलं-लिंबू घालू नका, असं मी आवर्जून सांगतो. आल्याने रस चुणचुणीत होतो हे खरं, पण ऊस झाकला जातो. कोऱ्या रसात आधी हिरवा, गवताचा वास लागतो. मग गोडी येते, आणि ती ओसरल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला जमीन लागते. नदीकाठच्या पट्ट्यात पाण्याच्या अतिवापराने बरीच रानं खारवट झाली आहेत. तिथल्या उसाचा रस किंचित खारा लागतो, आणि रसातला हा खारेपणा पुढे गुळात उतरतो, कारण आटवल्याने पाणी जातं, मीठ जात नाही. निचऱ्याच्या रानातला, नीट पिकलेला ऊस असेल तर शेवटचा घोट स्वच्छ असतो. तोंड धुतल्यासारखं वाटतं.

हा रस चरकातून आला की घाई सुरू होते. बीअरवाला जवाचा काढा उकळून गार करतो, त्यात यीस्ट सोडतो आणि मग दिवसचे दिवस वाट पाहतो. गुळव्याला वाट पाहण्याची चैन नाही. उसाच्या रसात आंबवणारे जीव कुणाला सोडावे लागत नाहीत, ते हवेतून आणि उसाच्या सालीवरून आपणच येतात. काही तासांत रस आंबूस होतो, साखरेची फोड होते आणि मग कितीही आटवलं तरी गूळ घट्ट बसत नाही. म्हणून तोडलेला ऊस शेतात पडून राहिला की मामांचा चेहरा उतरतो.

चरकाजवळ उभं राहिलं की मला किर्लोस्करवाडी आठवते. ती इथून लांब नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाने दिलेल्या माळावर कारखाना थाटला, आणि लोखंडी नांगरांबरोबर तिथे उसाचे लोखंडी चरकही होऊ लागले. औंध साताऱ्यात, वाडी आज सांगलीत. या दोन जिल्ह्यांच्या गुळाला त्या एका माळाचा हात लागलेला आहे.

पण खरा पाठ काहिलीजवळ आहे. चुलवाणावर रुंद लोखंडी काहील, खाली चिपाडांचा जाळ. ज्या उसाचा रस वर उकळतो आहे, त्याचंच वाळलेलं चिपाड खाली जळतं. रस तापायला लागला की त्यात रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचं बुळबुळीत पाणी सोडतात आणि चुन्याची निवळी मोजून घालतात. चुन्याने रसाचा आंबटपणा मरतो. भेंडीचं काम बघण्यासारखं असतं. तिचा चिकटपणा रसातला गाळ, मेण, हिरवी साय गोळा करत करत वर आणतो आणि काहिलीवर काळपट-हिरवी जाड मळी तरंगते. लांब दांड्याच्या झाऱ्याने ती काठाकडे ओढून काढायची. काढली की पुन्हा येते, पुन्हा काढायची. या वेळी कंटाळा केला तर पुढे काहीही करून गूळ सुधारत नाही. मळी राहिलेला गूळ मला पहिल्या घासाला कळतो. तो गोड असतो, पण घशात धुरकट, कडसर काहीतरी अडकून राहतं. चुना जास्त पडला तर रंग काळवंडतो आणि चवीला राखेची आठवण येते.

मळी निघाल्यावर रस मोकळा उकळतो. आधी खदखद, मग फेस वर चढतो. काठावरून जाईल असं वाटताच मामा चमचाभर गोडं तेल शिंपडतात आणि फेस बसतो. पुढे बुडबुडे मोठे आणि संथ होत जातात. आवाजही बदलतो, पाण्याचा राहत नाही, चिखलाचा होतो. सुमारे १०५ अंशांवर काढलं तर ती काकवी. घट्ट गुळासाठी ११८ अंशांच्या आसपास जावं लागतं. मधल्या बारा-तेरा अंशांत या माणसाची सगळी विद्या आहे, आणि त्याच्याजवळ थर्मामीटर नाही. बुडबुड्याचा आकार, झाऱ्यावरून पडणारी तार, शेवटी ती गोळी आणि पत्र्यावरचा टण्ण. थोडं आधी उतरवलं तर ढेप पावसाळ्यात पाझरते. थोडं उशिरा उतरवलं तर पाक करपतो आणि नंतर कुणालाच तो परत आणता येत नाही.

काकवीची वाटी मी चुलवाणाजवळच घेतो. गरम भाकरी, वर तूप, त्यावर ती धार. तिच्यात रसाचा हिरवेपणा अजून थोडा जागा असतो आणि गुळाचा भाजका खमंगपणा नुकताच आलेला असतो. मला विचाराल तर या काठावरची सर्वांत सुंदर चव हीच, घट्ट गुळाहूनही. बाटलीत भरून घरी नेलेल्या काकवीत ती निम्मीच उरते.

रंगाबद्दल मात्र मला राग येतो. बाजारात पिवळाधमक गूळ हवा असतो, म्हणून काही ठिकाणी रसात हायड्रोस घालतात. त्याने गूळ उजळतो, पण त्यातलं गंधकाचं प्रमाण वाढतं. काही दिवसांनी हवा लागून तो रंग उतरतोही. असा पिवळा गूळ मी एकदा एका दुकानातून आणला होता. त्याला गोडी होती आणि पुढे काहीच नव्हतं. चांगला गूळ तांबूस असतो, नखाने टोकरला तर रवाळ तुटतो, आणि जिभेवर विरघळताना आधी ऊस, मग खमंग, मग किंचित खारट असा तीनदा बोलतो. रंगासाठी यातलं एकही पुसायला मी तयार नाही.

टण्ण ऐकल्यावर चौघांनी काहील ओढून वाफ्यात पालथी केली. सोनेरी-तांबडा पाक संथ पसरला. फावड्याने तो खालीवर करता करता त्याची चकाकी गेली, कडेला दाणे धरू लागले आणि मग तो साच्यांत भरला. वाफ्याच्या कडेला उरलेल्या कोमट गुळात मामांनी भाजके शेंगदाणे मळले, मूठ वळली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

ते स्वतः खात नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ लागलं का?"

"थोडं लागलं, मामा. शेवटी."

त्यांनी नदीकडच्या रानाकडे पाहिलं. "खालच्या पट्टीचा ऊस हाय त्यो. लागणारच." मग काहील धुवायला पाणी ओतत म्हणाले, "माळाकडचा उद्या तोडत्यात. उद्या या."

उद्या मी पहाटेच निघणार आहे.