दापोडीचीं चित्रें व त्यांचा अनामिक चितारी

डॉ. अलेक्झांडर गिब्सन (१८००–१८६७) याचें नांव मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याच्या इतिहासांत सुप्रतिष्ठित आहे. स्कॉटलंडचा हा शस्त्रवैद्य १८२५ मध्यें कंपनी सरकारच्या नोकरींत आला, १८३८ पासून पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक झाला व १८४७ मध्यें इलाख्याचा पहिला वनसंरक्षक नेमला गेला. इंग्रजी कागदांतील 'दापुरी' ती हीच दापोडी. १८४७ ते १८५० या अवधींत त्यानें एका चिताऱ्याकडून बागेंतील वनस्पतींचीं दीडशेंहून अधिक रंगीत चित्रें काढविलीं. तीं एडिंबरोच्या राजकीय वनस्पति-उद्यानाच्या संग्रहीं असून एच. जे. नोल्टी यांनीं २००२ मध्यें त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध करून तीं अभ्यासकांस सुलभ केलीं, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

परंतु हीं चित्रें कशाचें साधन, हा प्रश्न संशोधकानें प्रथम विचारावा. तीं बागेचीं आहेत, रानाचीं नव्हेत. दापोडीस परदेशांतून आणलेलीं व एतद्देशीय झाडें एकाच मातींत वाढत होतीं. तेव्हां चित्रांत दिसलें म्हणून झाड येथलेंच, असें अनुमान करणें सदोष होय. डाल्झेल व गिब्सन यांच्या १८६१ च्या 'बॉम्बे फ्लोरा' ग्रंथांत देशी वनस्पति मुख्य भागांत व बाहेरून आलेल्या पुरवणींत दिल्या आहेत. चित्र त्या ग्रंथाशीं ताडून पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. पोथीचा पाठ ठरवितांना आपण जो नियम पाळतों तोच येथें लागू आहे.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. चिताऱ्याचा उल्लेख 'पोर्तुगीज' एवढाच मिळतो, व त्या काळीं हा शब्द येथल्या ख्रिस्ती मनुष्यासहि लावीत. त्याचें नांव उपलब्ध नाहीं. आम्हां नाशिककरांस ठाऊकच आहे कीं, रामकुंडावर आलेल्या साध्या यात्रेकरूचेंहि नांव, गांव व कुळ तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नोंदलेलें असतें. व्हान ऱ्हीड याच्या 'होर्तुस मलबारिकुस' (१६७८–१६९३) ग्रंथांत रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट यांची १६७५ ची साक्ष नागरी अक्षरांत छापली गेली, म्हणून तीन शतकांनंतरहि ते नांवानें ओळखिले जातात. दापोडीच्या चिताऱ्यास हें भाग्य लाभलें नाहीं.

गिब्सनचा गौरव उणा करावा असें आम्ही म्हणत नाहीं. चित्रें काढविण्याचा उद्योग त्याचाच. परंतु पान, फूल व देठ न्याहाळून कागदावर उतरविणारा हात दुसऱ्याचा होता. पोथीचा कर्ता व तिचा लेखक निराळे नोंदण्याची आपली रीत आहे. चित्रसूचींतहि 'गिब्सनच्या आज्ञेनें, अज्ञात चिताऱ्याच्या हातचें' असेंच लिहिलें पाहिजे. ज्या संग्राहकांपाशीं जुनीं वनस्पति-चित्रें सुटीं पडलीं असतील, त्यांनीं कांठ कापून तीं चौकटींत बसविण्यापूर्वीं मागील बाजू व कडेचीं अक्षरें अवश्य वाचावीं. एखाद्या चिताऱ्याचें नांव वांचलें असेल, तर तें अशाच ठिकाणीं वांचलें असेल.