उमेदवाराचा देव

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली आणि बोलणे निवडणुकीवर आले, की उमेदवाराची जात निघते, पैसा निघतो आणि मग कोणीतरी हळूच विचारतो, "पण तो देव मानतो का?" मानीत नाही असे कळले, की माना हलू लागतात. ज्याला देवाचेच भय नाही, तो आपल्याला काय भिणार, असा त्यामागचा हिशेब असतो. ही शंका अगदीच टाकाऊ नाही. म्हणूनच ती नीट पारखून घ्यावी. आणि त्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानमुलखाइतकी चांगली जागा मिळणे कठीण.

पहिली अडचण प्रश्नातच आहे. देव म्हणजे कोणाचा देव? चैत्रात महाकालीच्या यात्रेला चंद्रपुरी लोटणारा भाविक ह्याचे उत्तर चटकन देईल. पण त्याच शहरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. आंबेडकरांनी मोठ्या जनसमुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली. जग निर्माण करणारा ईश्वर हा धम्म मानीत नाही. मग ह्या आपल्या शेजाऱ्यांना निरीश्वर म्हणून वेगळे काढायचे काय? तिकडे एटापल्लीच्या रानातला गोंड आपल्या पेनांची पूजा करतो. जनगणनेच्या कागदात त्याच्या श्रद्धेला स्वतंत्र रकाना नाही. कागद त्याला 'इतर' म्हणून मोकळा होतो.

उमेदवाराच्या धर्माची चौकशी खुद्द कायद्याने केली, की काय होते, हेही ह्या मुलखाने पाहिले आहे. अनुसूचित जातींच्या यादीत राहण्यासाठी १९५० च्या आदेशाने धर्माची अट घातली. १९५६ मध्ये शिखांना मोकळीक मिळाली. बौद्धांना मात्र १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे दीक्षा घेतलेल्या माणसाच्या वाट्याची अवहेलना कायम राहिली, पण राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्क चौतीस वर्षे गेला. अनुसूचित जमातींना अशी अट कधीच नव्हती. आज आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी ह्या गडचिरोली जिल्ह्यातल्या तिन्ही विधानसभेच्या जागा जमातींसाठी राखीव आहेत. तिथे कायदा उमेदवाराची जमात विचारतो, धर्म विचारीत नाही. आणि त्यामुळे काही आभाळ कोसळलेले नाही.

घटना लिहिणाऱ्यांपुढेही हा पेच आला होता. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. त्याच प्रांताचे प्रतिनिधी ह. वि. कामत ह्यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटनासमितीत सुचविले, की उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा. पूर्णिमा बॅनर्जींनी त्यांना विनविले, की ईश्वरावर मत देण्याचा प्रसंग आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. मते मोजली गेली: बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरुद्ध मत देणारे सगळे नास्तिक होते असे मुळीच नव्हे. श्रद्धा ही ज्याच्या त्याच्या मनाची गोष्ट आहे, ती बहुमताने कोणावर लादू नये, असे त्यांतल्या भाविकांनाही वाटत होते. शपथेतही घटनेने दोन वाटा ठेवल्या आहेत. कोणी ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, कोणी गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे. १९६३ पासून उमेदवारालाही हे करावे लागते. वाटा दोन असल्या तरी पुढची जबाबदारी एकच आहे.

आता भयाचा मुद्दा. इंग्लंडात नॉर्थम्पटन ह्या जोडे शिवणाऱ्या कामगारांच्या गावाने १८८० मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ ह्या उघड नास्तिकाला पार्लमेंटात पाठविले. ओठांतल्या ओठांत ईश्वराची शपथ पुटपुटून त्यांना पहिल्याच दिवशी आत जाता आले असते. त्यांनी साध्या प्रतिज्ञेची परवानगी मागितली आणि तिथेच घोडे अडले. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले, तरी स्थिरपणे बसायला १८८६ उजाडले. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आले आणि हिंदुस्थानच्या हक्कांसाठी पार्लमेंटात भांडले. देवाचे भय नसलेला माणूस खोटे बोलायला कचरत होता. उलट, देवळाच्या पायरीवर हात जोडून उभे राहिलेले किती उमेदवार पुढे पाच वर्षे दिसत नाहीत, ते वाचकांना सांगायला नको.

मग मतदाराने ह्या बाबतीत काहीच पाहू नये काय? पाहावे, मात्र प्रश्न बदलावा. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते, आणि त्याच डोंगरात लोखंडाच्या खाणी चालू आहेत. तिथल्या गावकऱ्याला आपला आमदार ठाकूरदेवाला मानतो की नाही, ह्याने फारसे बिघडत नाही. तो डोंगर गावकऱ्यांना देवाच्या ठिकाणी आहे, हे तो मानतो की नाही, ह्याने सारे बिघडते. ओडिशातल्या नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेच पाहिले. डोंगरिया कोंधांचा देव खरा की खोटा, ह्या वादात ते शिरले नाही. त्यांच्या श्रद्धेचा निर्णय ग्रामसभांकडे सोपविला. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली.

नास्तिक उमेदवार जर लोकांच्या श्रद्धेला हसत असेल, तिला अडाणीपणा म्हणून बाजूस सारीत असेल, तर त्याला मत नाकारणे हा मतदाराचा हक्क आहे. पण हाच हिशेब भाविकालाही लावावा. स्वतःच्या देवापुढे लोटांगण घालून दुसऱ्याच्या देवाचा डोंगर विकायला काढणारा भाविक, हसणाऱ्या नास्तिकाहून अधिक धोक्याचा.

तेव्हा उमेदवार दाराशी आला, म्हणजे त्याचा देव विचारू नये. आमच्या देवाला, आणि ज्याला देव नाही त्या आमच्या शेजाऱ्याला, तुझ्या राज्यात जागा किती, एवढे विचारावे.