हे सगळं करतं कोण?

पुण्यात हॉस्टेलवर होतो तेव्हाची गोष्ट. मेसच्या पातळ वरणाला कंटाळलेल्या दिवसांत मी फोनवर लॉरा इंगल्स वाइल्डरचं ‘फार्मर बॉय’ वाचत होतो. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला मलोन गावाजवळ एक मोठी शेतीवाडी. घोडे, गायी, बैल, मेंढ्या, डुकरं. काळ 1860 च्या दशकाचा. नायक अल्मांझो, वय वर्षं नऊ पुरी व्हायची आहेत. आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरणात जेवण.

रात्री आईला फोन केला आणि त्या घरातला नाश्ताच सांगायला लागलो. ओटची लापशी, त्यावर दाट साय आणि मेपलची साखर. तळलेले बटाटे. गरम धिरड्यांची चळत, वर लोणी आणि पाक. सॉसेज, जॅम, डोनट. आणि सगळ्यात शेवटी, सकाळीच, ॲपल पाय.

आई म्हणाली, “एवढं सगळं सकाळी? मग धारा कवा काढायच्या?”

म्हटलं, धारा आधीच होतात. बाप आणि मोठा मुलगा काढतात.

“बाप्ये काढतात?” तिला हसू आलं. “बरंय की. आणि हे सगळं करतं कोण?”

“आईच की,” मी म्हणालो.

ती “बरं” म्हणाली आणि गाईला वैरण टाकायचीय म्हणून फोन ठेवला. पुस्तक मी त्या रात्री पुढे वाचलं, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. हा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठीच आहे.

आधी माझी बाजू सांगतो. आमचं घर सातारा जिल्ह्यातलं, चार-पाच जर्सी गायींचं. आई पहाटे साडेचारला उठते. शेण काढणं, धारा, मग चूल. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जातं. फॅट किती लागली, एसएनएफ किती लागलं, यावर दर ठरतो. गाईच्या दुधाला 3.5 आणि 8.5 हे दोन आकडे मला पाढ्यांच्या आधी पाठ होते. घरात राहायचं ते चहापुरतं. गाय व्यायली की मात्र पहिले काही दिवस डेअरी दूध घेत नाही. तेव्हा खरवस व्हायचा, गूळ-वेलची घालून, भलं मोठं पातेलं भरून. म्हणजे दुभत्या घरात राहूनही आमच्याकडे दुधाची मेजवानी व्हायची ती फक्त दूध विकता येत नसेल तेव्हा.

म्हणून ‘फार्मर बॉय’मधली साय मला स्वप्नासारखी वाटली. आणि ती होतीही स्वप्नच, फक्त माझं नव्हे, लेखिकेचं.

लॉराचं स्वतःचं बालपण असं भरल्या ताटाचं नव्हतं. तिचे वडील सतत नव्या जमिनीच्या शोधात घर हलवत राहिले. 1880-81 च्या हिवाळ्यात डाकोटात हिमवादळांनी आगगाड्या अडल्या, गावातलं पीठ संपलं आणि तिच्या घरचे लोक कॉफी दळायच्या यंत्रावर गहू दळून भाकरीसारखा पाव करून जगले. त्यावर तिनं पुढे ‘द लाँग विंटर’ लिहिलं. याच लॉरानं अल्मांझोशी लग्न केलं. त्याच्या लहानपणच्या आठवणी ऐकून तिनं ‘फार्मर बॉय’ लिहिलं. ते 1933 मध्ये आलं, ऐन मंदीच्या काळात, तिच्या वयाच्या 66 व्या वर्षी. उपाशी राहिलेल्या बाईनं जेवलेल्या मुलाची आठवण लिहिली, तीही देशात लोक रांगा लावून सूप पीत असताना. त्या ताटांत एवढे पदार्थ का आहेत, ते यातून कळतं.

पण त्या आठवणीत एक गोची आहे. नऊ वर्षांच्या मुलाला जेवण दिसतं ते ताटात आल्यावर. त्याची भूक मोठी, धीर कमी. घरातला तो सगळ्यात धाकटा, त्यामुळे बाप ताटं वाढताना त्याचं शेवटी वाढतो, आणि मुलांनी टेबलावर बोलायचं नाही असा नियम. त्याचं वाट बघणं लॉरानं फार सुंदर लिहिलंय. पण स्वयंपाकघरात काय चाललंय ते आपल्याला त्या वाट बघणाऱ्या डोळ्यांनीच दिसतं. आई सूत काततेय, मागावर कापड विणतेय, मेणबत्त्या करतेय हे सगळं येतं. तिची पाठ दुखते का, हे येत नाही. अल्मांझोला ते माहीतच नाही. मलाही नव्हतं.

यातून पुस्तक सुटतं ते दोन जागी. एक, आईवडील आठवडाभर पाहुणे जातात आणि चार मुलंच घरी राहतात. जाताना आई बजावते, सगळी साखर संपवू नका. मुलं आइस्क्रीम, केक, कँडी असं करत पिंपाच्या तळाशी पोचतात. कामं तशीच पडलेली. आईवडील यायची वेळ झाल्यावर धावाधाव. प्रकरण गमतीचं आहे, पण साखर मोजून वापरायची असते आणि ती कोणीतरी मोजत असतं, हे पहिल्यांदा तिथे कळतं.

दुसरी जागा लोण्याची. शरद ऋतूत न्यूयॉर्कहून लोण्याचा व्यापारी येतो. तळघरातून लोण्याचे लाकडी टब बाहेर येतात. तो एक लांब पोलादी नळी वरपासून तळापर्यंत खुपसतो, आतलं लोणी बाहेर काढतो आणि तपासतो. तळाशी हलकं लोणी लपवलंय का, ते बघायला. कुठल्याच टबात फरक निघत नाही. आई घासाघीस करत नाही. पौंडाला 50 सेंट मागते आणि तेवढेच घेते. 500 पौंड, म्हणजे 250 डॉलर.

हा प्रसंग वाचताना मला आमच्या डेअरीतलं फॅटचं मशीन आठवलं. रांगेत उभं राहायचं, दुधाचा नमुना द्यायचा, आकडा येईपर्यंत बोलायचं नाही. चांगला आकडा आला की आईच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे, पण घरी येताना ती भरभर चालायची. लॉराला हा अभिमान बरोबर कळलाय. आता थोडा हिशेब करू. एक किलो लोण्याला गाईचं दूध साधारण वीस-बावीस लिटर लागतं. 500 पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर लोणी, म्हणजे साडेचार हजार लिटरहून जास्त दूध. ते सगळं गाळलं, थंड ठेवलं, साय काढली, घुसळलं, धुतलं, मीठ घालून दाबून भरलं. वर घरच्या जेवणातलं लोणी वेगळंच. ‘हे सगळं करतं कोण’ याचं एका बाजूचं उत्तर या आकड्यात आहे. मला हे पुस्तकातलं सर्वांत चांगलं प्रकरण वाटतं, कारण तिथे स्वयंपाकघर नुसतं मायेचं राहत नाही, कारखानाही होतं.

शेवटाकडे मात्र पुस्तक पुन्हा सोपं होतं. गावातला गाडी बनवणारा कारागीर अल्मांझोला शिकाऊ म्हणून घ्यायला तयार असतो. आई संतापते. गावात गेलेला माणूस दुसऱ्याच्या तालावर नाचतो, शेतकरी स्वतंत्र असतो, हा सूर. अल्मांझो शिंगरू निवडतो आणि शेतीवरच राहतो. शेतकऱ्यानंच हा देश घडवला, असं त्याआधी बापानंही सांगितलेलं असतं. ज्यांची ती जमीन आधी होती, त्यांचा त्या बोलण्यात पत्ता नाही. लॉराच्या एकूण लेखनावरच हा आक्षेप आहे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेनं तिच्या नावाचा पुरस्कार दुसऱ्या नावानं द्यायला सुरुवात केली, ती अशाच कारणांनी.

माझा मुद्दा मात्र घरातलाच आहे. तो स्वतंत्र शेतकरी मोठा झाला, त्याचं लग्न झालं, मग त्याच्या घरात काय झालं? हेही लॉरानं लिहिलंय. ‘द फर्स्ट फोर इयर्स’ नावाचं छोटं पुस्तक. तिच्या हयातीत ते छापलं नाही. 1957 मध्ये ती गेली, पुस्तक 1971 मध्ये आलं. सुरुवातीलाच मुलगी सांगते, मला शेतकऱ्याशी लग्न करायचं नाही. शेतावर बाईला राबावं फार लागतं आणि हाती पैसा येत नाही. तो म्हणतो, तीन वर्षं बघू. पुढे गारपीट, यंत्रांचं कर्ज, दुष्काळ, घटसर्प, बाळाचा मृत्यू, घराला आग. मधे मेंढ्या घेतल्या, त्यांनी थोडं तारलं.

आणि एक स्वयंपाक. लग्नानंतर मळणीवाले जेवायला येणार. नव्या घरात ती एकटी, एवढ्या माणसांचं कधी केलेलं नाही. बीन्स कच्चे राहतात. रुबार्बच्या आंबट देठांचा पाय करते आणि त्यात साखर घालायलाच विसरते. पहिला घास घेतल्यावर शेजारचा माणूस गुपचूप वरचं आवरण उचलून साखर पेरतो आणि म्हणतो, असं बरं असतं, ज्याला हवं तेवढं गोड करून घेता येतं.

समीक्षक या पुस्तकाला कच्चं म्हणतात. ‘फार्मर बॉय’सारखी लय नाही, वर्णनं कोरडी, मुलगी रोझचा संपादकीय हात त्यावर फिरलेला नाही. हे खरंच आहे. पण मला वाटतं, त्या कोरडेपणातच ती बाई आहे. ‘फार्मर बॉय’मध्ये जेवण टेबलावर येऊन बसतं. इथे ते चुलीपासून टेबलापर्यंत जाताना दिसतं, आणि ते बिघडलं तर काय होईल याची भीतीही दिसते. एक जेवणाऱ्याचं पुस्तक आहे, दुसरं करणारीचं. दोन्ही एकाच बाईनं लिहिली, आणि जग वाचतं ते पहिलं. 1979 मध्ये लॉराच्या पुस्तकांतल्या पदार्थांचं पाककृतींचं पुस्तकही निघालं. आज फोनवर शेतघरातल्या चुलीचे, ताज्या लोण्याचे रील्स फिरतात तेही पहिल्या पुस्तकाचेच वंशज आहेत. त्यात शेण कधीच दिसत नाही.

म्हणून ‘फार्मर बॉय’ वाचू नका असं मी म्हणणार नाही. वाचा, आणि भूक लागली तर लागू दे. पण लगेच दुसरं वाचा. छोटंसंच आहे, एका प्रवासात होतं.

मी ते गेल्या दिवाळीत घरी वाचलं. आई कुट्टी टाकत होती, मी गव्हाणीवर बसून तिला साखर विसरल्याची गोष्ट सांगितली. ती थांबली.

“माझा पहिला बेंदूर तसाच झाला होता,” ती म्हणाली. लग्नानंतरचा पहिला. घरात चौदा माणसं जेवायला, बैलं सजवून पुरुषमाणसं दारात आलेली. आणि हिचं पुरण पातळ झालं, पोळ्या तव्यावर फुटायला लागल्या. हात थरथरायला लागले. आजी आत आली, बघितलं, बाहेर जाऊन म्हणाली, “आज पोळी न्हाई. आज पुरण-भाताचा बेत हाय.” सगळे जेवले. कुणाला काही कळलं नाही.

“आजवर सांगितलं नाहीस कधी?” मी विचारलं.

“कुणी इचारलंच न्हाई,” आई म्हणाली, आणि पेंडीची बादली माझ्या हातात दिली.