क्रमिक पुस्तकाचा निनावी लेखक

कथा, कादंबरी, कविता यांची समीक्षा आपण आवडीने वाचतो. पहिली-दुसरीच्या मराठी पुस्तकातील दहा ओळींच्या पाठाची समीक्षा मात्र सहसा कोणी करीत नाही. शब्द थोडे, म्हणून लेखन सोपे, असा सार्वत्रिक समज आहे. माझे मत नेमके उलट आहे. बालवाचकासाठीचा पाठ हा स्वतंत्र आणि अवघड वाङ्मयप्रकार आहे. त्याच्या लेखकाला नाव मिळाले पाहिजे आणि त्याबरोबर टीकाही.

एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली सरकारी शाळांची मराठी पुस्तके तयार झाली. त्या गद्याला शिस्त होती, विरामचिन्हे होती. परंतु त्यातून बोलणारा आवाज पंतोजीचा होता. तो मुलाचा व्हावा यासाठी १९३०च्या दशकात आचार्य अत्रे यांनी ‘नवयुग वाचनमाला’ सिद्ध केली. अत्रे स्वतः शिक्षक होते, लंडनला जाऊन अध्यापनशास्त्र शिकून आले होते. वर्गात मूल कुठे कंटाळते हे त्यांना ठाऊक होते.

त्यांचा ‘दिनूचे बिल’ हा पाठ जुन्या पिढीला अजून आठवतो. घरकामाचा हिशेब मांडून दिनू आईला बिल देतो. आई त्याला उलट बिल देते, त्यात घेणे काहीच नसते. आज वाचताना या पाठाची मर्यादा दिसते. ते घर शहरी, पांढरपेशे आहे. आमच्या कुंभारवाड्याच्या परिसरातील कुणबी घरात बिल नावाचा कागद क्वचितच येत असे. तरीही पाठ इथल्या मुलापर्यंत पोचतो, कारण आईच्या कष्टांचा हिशेब कोणी ठेवत नाही हे त्याने रोज पाहिलेले असते. परका शब्द मुलाला क्षणभर अडवतो. परकी भावना त्याला पुस्तकाबाहेरच ठेवते. हा भेद अत्र्यांनी ओळखला होता.

पुढे २७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात ‘बालभारती’ची स्थापना झाली. पुस्तके स्वस्त झाली, खेडोपाडी पोचली. हे मोठेच कार्य होय. मात्र एका लेखणीच्या जागी समिती आली. समिती चूक टाळते, पण लकबही टाळते. खालच्या इयत्तांतील अनेक पाठांखाली लेखकाचे नावच नसते. पूरक वाचन आणि स्वाध्यायपत्रिका मानधनावर लिहिणाऱ्या मुक्त लेखकांची स्थिती याहून बिकट आहे. नाव नाही म्हणून श्रेय नाही, आणि श्रेय नाही म्हणून जबाबदारीही नाही.

आपल्या भागात प्रश्न आणखी गुंतलेला आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत उत्तर कन्नड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला. मराठी माध्यमाची पुस्तके कर्नाटक शासनाची. जोयड्याचे कुणबी मूल घरी कोंकणी बोलते, बाजारात कन्नड ऐकते आणि मराठी बहुधा छापील अक्षरांतच प्रथम भेटते. त्याच्यासाठी पाठ म्हणजे भाषेचा उंबरठाच.

मी स्वतः एकदा मुलांसाठी चार पाठ लिहून पाहिले. कार्यालयीन टिपणे लिहिण्यात आयुष्य गेलेले. वाटले, यात काय मोठेसे. ‘अंगणात फुलांचा सडा पडला होता’ असे लिहून एका मुलीला वाचायला दिले. ती थांबली आणि म्हणाली, ‘सडा शेणाचा घालतात. फुलांचा कशाला?’ मी गप्प झालो. ते वाक्य मी अंगण पाहून लिहिलेच नव्हते. जुन्या पुस्तकांतून उचलले होते. तिच्या अंगणात सडा होता, परसात मुडली आणि कणगे होते. माझ्या चार पाठांत त्यांपैकी काहीच नव्हते.

तेव्हापासून मी पाठाला एकच कसोटी लावतो. तो मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि ते अडखळले तर दोष प्रथम आपल्या वाक्याचा मानावा. याचा अर्थ पाठात केवळ ओळखीचेच असावे असा नव्हे. मुडलीपासून निघालेल्या मुलाला पारिजातकापर्यंत नेणे हेच तर भाषेचे काम आहे. पण निघायचे ते त्याच्या अंगणातून.

आपल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या मुलखात मराठी जपली, याचा आपल्याला अभिमान आहे. ती पुढे टिकायची तर केवळ संमेलनांच्या भाषणांवर टिकणार नाही. आपल्यातील लिहित्या मंडळींनी वर्षाकाठी एक तरी बालपाठ लिहावा, खाली आपले नाव घालावे आणि आपण सर्वांनी त्यावर एखाद्या कादंबरीइतकीच कठोर टीका करावी.